ओलावा, वारा आणि बंद खोली : काश्मीर-लडाखच्या हिवाळ्याविषयीचे काही गैरसमज

काश्मीर खोऱ्यातील हिवाळ्याचा सर्वांत कडक काळ ‘चिल्लई कलान’ या नावाने ओळखला जातो. २१ डिसेंबरच्या सुमारास सुरू होणाऱ्या या चाळीस दिवसांनंतर वीस दिवसांचे ‘चिल्लई खुर्द’ आणि दहा दिवसांचे ‘चिल्लई बच्चा’ येते, आणि तोवर खोऱ्यातील घरसंसार फेरन नावाचा सैल लोकरी झगा, कांगरी हे निखाऱ्यांचे भांडे, उन्हाळ्यात वाळवून ठेवलेल्या भाज्या आणि सरपणाचा साठा यांच्या आधाराने चालतो. याच दिवसांत महाराष्ट्रातूनही असंख्य कुटुंबे बर्फ पाहण्यासाठी गुलमर्ग, सोनमर्ग आणि लेह गाठतात. तेथील रहिवाशांना पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाचा आधार असतो. पाहुण्यांची शिदोरी मात्र बहुधा ऐकीव सल्ल्यांची असते. या सल्ल्यांचा मुख्य दोष असा, की त्यांचे सारे लक्ष तापमापीवरील आकड्याकडे असते, तर शरीराला अपाय होतो तो पुष्कळदा ओलावा, वारा आणि कोंडलेली हवा यांच्यामुळे.

पहिला समज असा, की जितका बर्फ अधिक तितकी थंडी अधिक. प्रत्यक्षात श्रीनगरमधील पारा सर्वांत खाली उतरतो तो सामान्यतः निरभ्र, कोरड्या रात्री, कारण दिवसा जमिनीने साठवलेली उष्णता अशा रात्री प्रारणाच्या रूपाने विनाअडथळा आकाशाकडे निघून जाते. भूमध्य समुद्राच्या बाजूने येणारे वातावरणीय व्यत्यय, ज्यांना हवामानशास्त्रात ‘पश्चिमी विक्षोभ’ म्हणतात, ढग घेऊन येतात. हे ढग त्या उष्णतेचा काही भाग अडवून परत जमिनीकडे पाठवतात, आणि म्हणून हिमवर्षावाच्या रात्रीचे किमान तापमान पुष्कळदा आदल्या रात्रीपेक्षा वर असते. लेहचे उदाहरण याहून बोलके आहे. मुंबईत वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेतीन हजार मीटर उंचीवरील लेहमध्ये पाऊस आणि बर्फ मिळून वर्षभरात जेमतेम शंभर मिलिमीटरच्या आसपास पाणी पडते. तेथील बोचरी थंडी ही शीत वाळवंटाची थंडी आहे.

केवळ आकड्याकडे पाहण्याच्या सवयीतूनच दुसरा, अधिक घातक समज उपजतो : पारा शून्याच्या वर असेल तर जिवाला धोका नाही. शरीराच्या अंतर्भागाचे तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या खाली गेले की त्या अवस्थेला हायपोथर्मिया म्हणतात, आणि ती येण्यासाठी बाहेर गोठणबिंदू असावाच लागतो असे नाही. भिजलेले कपडे आणि वारा एकत्र आले, तर पाच-सात अंशांतही ती येऊ शकते. पाणी हवेच्या सुमारे पंचवीसपट वेगाने उष्णता वाहून नेते. ओल्या सुती कपड्यांत धाग्यांमधील हवेची जागा पाणी घेते आणि त्यांची ऊब जवळजवळ नाहीशी होते, तर लोकर ओली झाली तरी थोडीबहुत ऊब राखते. पर्यटक बर्फात खेळताना घालतात ती जीन्सची पँट म्हणूनच सर्वांत वाईट निवड होय. अखंड थरथर, अडखळती जीभ, बोटांनी साधे बटणही न लागणे ही सुरुवातीची लक्षणे असतात; थरथर थांबली आणि माणूस सुस्तावला, तर ते बरे वाटू लागल्याचे चिन्ह मुळीच नसते, तर अवस्था बिघडल्याचे असते.

कपडा स्वतः उष्णता निर्माण करत नाही. तो शरीराचीच उष्णता धरून ठेवणारी स्थिर हवा अडकवतो, एवढेच त्याचे काम असते. गुडघ्यांपर्यंत पोचणारा सैल लोकरी फेरन नेमके हेच साधतो, आणि एका जाडजूड कोटापेक्षा दोन-तीन सैल थर अधिक उपयोगी पडतात ते याच कारणाने, शिवाय घाम येऊ लागताच त्यांतील एक उतरवताही येतो. घट्ट बुटात मोज्यांचे दोन जोड कोंबल्याने मात्र उलटाच परिणाम होतो, कारण दाबामुळे रक्तप्रवाह मंदावतो आणि बोटे आधी गारठतात. डोक्यातून शरीराची निम्मी उष्णता निघून जाते, हे विधानही असेच निराधार आहे. १९७० च्या अमेरिकी सैन्याच्या एका पुस्तिकेत ४० ते ४५ टक्के असा आकडा दिला गेला आणि तो पुढे सर्वत्र फिरत राहिला. प्रौढ माणसाच्या त्वचेच्या एकूण क्षेत्रफळात डोक्याचा वाटा सुमारे दहा टक्के असतो, आणि तेथून जाणारी उष्णताही साधारण त्याच प्रमाणात असते. लहान बाळांचे डोके शरीराच्या मानाने मोठे असल्याने त्यांच्या टोपीला अधिक महत्त्व आहे.

मद्याने ऊब येते हा समज मराठी घरांतही खोल रुजलेला आहे. सर्दी झालेल्या मुलाच्या छातीला ब्रँडी चोळण्याची प्रथा त्याचीच साक्ष देते. मद्यामुळे त्वचेलगतच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, आतील उबदार रक्त त्वचेकडे धावते आणि अंग तापल्याचा भास होतो. परंतु ती उष्णता त्वचेवाटे बाहेर जात असते, म्हणजे ऊब वाटत असतानाच शरीर आतून थंड होत असते. शिवाय थरथरण्याची नैसर्गिक क्रिया आणि धोका ओळखणारी बुद्धी या दोन्ही मंदावतात. त्वचेवर चोळलेले मद्य तर उडून जाताना त्वचेचीच उष्णता घेऊन जाते.

हिमदंशाबाबतचा, म्हणजे बोटे, नाक, कान यांच्या पेशी गोठून होणाऱ्या इजेबाबतचा, रूढ उपाय ऐतिहासिक आहे. नेपोलियनच्या सैन्यातील शल्यचिकित्सक दोमिनिक लॅरे यांनी सैनिक शेकोटीजवळ गोठलेले हातपाय शेकून ते गमावताना पाहिले आणि त्यावरून गोठलेला भाग बर्फाने चोळण्याचा सल्ला दिला. शेकोटीबाबतचे त्यांचे निरीक्षण अचूक होते, कारण बधिर त्वचेला भाजल्याचे कळत नाही; चोळण्याचा निष्कर्ष मात्र चुकीचा ठरला, तरीही तो शतकाहून अधिक काळ टिकून राहिला. चोळल्याने बर्फाचे सूक्ष्म स्फटिक पेशी फाडतात. १९६० च्या सुमारास अलास्कातील विल्यम मिल्स यांच्या कामानंतर ३७ ते ३९ अंशांच्या कोमट पाण्यात तो भाग बुडवून ठेवण्याची पद्धत मान्य झाली, मात्र एका अटीवर : तो पुन्हा गोठण्याची शक्यता असेल तर वितळवण्याची घाई करू नये, कारण दुसऱ्यांदा गोठणे पहिल्यापेक्षा घातक असते.

तहान आणि ऊन यांच्याकडे हिवाळ्यात लक्ष जात नाही, म्हणून त्यांचा उल्लेख येथे आवश्यक आहे. थंड कोरडी हवा प्रत्येक श्वासागणिक शरीरातील पाणी खेचून नेते, पण तहान कमी जाणवते; बर्फ खाऊन ती भागवावी तर एक लिटर पाणी मिळवण्यासाठी नुसते वितळवण्यातच शरीराची सुमारे ८० किलोकॅलरी उष्णता खर्च होते. ताजा बर्फ अतिनील किरणांचा सुमारे ८० टक्के भाग परावर्तित करतो, आणि त्यामुळे गारव्यातही डोळ्यांना हिमांधत्वाची इजा होऊ शकते. काळा चष्मा ही तेथे चैनीची वस्तू नव्हे.

सर्वांत गंभीर गैरसमज मात्र घराच्या आतला आहे. कांगरी म्हणजे वेताच्या विणीत बसवलेले, निखाऱ्यांनी भरलेले मातीचे भांडे. ते फेरनच्या आत धरले जाते. निखाऱ्याची ऊब नैसर्गिक, म्हणून निरुपद्रवी, असे मानले जाते. प्रत्यक्षात वर्षानुवर्षे मांड्यांना आणि पोटाला लागणाऱ्या या धगीमुळे होणाऱ्या त्वचेच्या कर्करोगाचे वर्णन काश्मीरमध्ये काम करणाऱ्या डॉ. विल्यम एल्म्सली यांनी १८६६ मध्येच केले होते, आणि तो आजही ‘कांगरी कर्करोग’ या नावानेच ओळखला जातो. याहून तातडीचा धोका हवेतला आहे. कोळसा, लाकूड किंवा गॅस अपुऱ्या प्राणवायूत जळू लागला, की कार्बन मोनॉक्साइड हा रंगहीन, गंधहीन वायू तयार होतो. तो रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो, आणि श्वास नियमित चालू असतानाच माणूस आतून गुदमरतो. धूर दिसत नाही म्हणजे हवा स्वच्छ आहे, हा तर्क येथे जिवावर बेततो. फटी कापडाने बुजवून, दार लावून, निखारे तसेच ठेवून झोपणे ही काश्मीरमधील हॉटेलातली खोली असो वा महाराष्ट्रातील शेगडी ठेवलेली खोली असो, सारखीच प्राणघातक कृती आहे. धुराडे असलेली बुखारी, म्हणजे लाकडावर चालणारी लोखंडी शेगडी, तुलनेने सुरक्षित असते, पण तिचे धुराडे बर्फाने किंवा काजळीने बुजलेले नसेल तेव्हाच. मोटारीलाही हाच नियम लागू पडतो. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातील मरी येथे बर्फात अडकलेल्या गाड्यांमध्ये वीसहून अधिक लोक दगावले, आणि त्यांपैकी काही जण गाडीत कोंडलेल्या विषारी वायूने गुदमरल्याचे अधिकाऱ्यांनी सांगितले होते. धूर बाहेर टाकणारी नळी बर्फाखाली गाडली गेली, की चालू इंजिनाचा वायू आतच शिरतो.

लेहसारख्या उंच ठिकाणी यात आणखी एक गुंता आहे. विमानाने थेट पोचलेल्या माणसाला विरळ हवेमुळे डोकेदुखी, मळमळ आणि थकवा जाणवतो, आणि कार्बन मोनॉक्साइडच्या विषबाधेची आरंभीची लक्षणेही हीच असतात. त्यामुळे खोलीतील हीटरचा दोष उंचीच्या माथी मारला जाण्याची शक्यता मोठी असते. एकाच खोलीतील सर्वांचे डोके एकाच वेळी दुखू लागले आणि मोकळ्या हवेत येताच त्यांना बरे वाटू लागले, तर संशय हवेवरच घ्यावा, सर्वांना बाहेर काढावे आणि विलंब न लावता रुग्णालय गाठून तेथे प्राणवायू द्यायला लावावा. बर्फाळ प्रदेशात निघालेल्या प्रत्येक कुटुंबाने खोली ताब्यात घेतानाच शेगडी, बुखारी किंवा गॅस हीटरच्या धुराला बाहेर वाट आहे की नाही ते विचारावे, ती पेटती असेपर्यंत खिडकीची फट उघडी ठेवावी, आणि झोपण्यापूर्वी निखारे खोलीबाहेर काढून पांघरुणाचा आणखी एक थर मागून घ्यावा.