पालक संघाचा पैसा कोणाच्या मोबाईलवर?

शाळा सुरू झाली की पालक संघाची वर्गणी आलीच. कधी वर्गातल्या पंख्यासाठी, कधी सहलीसाठी, तर कधी एखाद्या गरजू मुलाच्या दप्तरासाठी. पूर्वी कोणी तरी पावतीपुस्तक घेऊन शाळेच्या फाटकाशी उभे राहत असे. २०१६ साली यूपीआय सुरू झाले आणि आज भाजीवाल्या मावशीदेखील मोबाईलवर पैसे घेतात. मग पालक संघाने का घेऊ नयेत? जरूर घ्यावेत. पण ते कोणाच्या खात्यात, हा प्रश्न आधी विचारावा. आम्ही तो उशिरा विचारला.

आमच्या पालक संघाने खाते उघडण्याचा कंटाळा केला आणि खजिनदार ताईंचाच मोबाईल नंबर सर्वांना दिला. ताई घरकाम करून संसार चालवणाऱ्या. त्यांच्या खात्यात वर्गणी आली, त्यातच पगार आला आणि त्यातूनच घरभाडे गेले. दोन महिन्यांनी सभेत नऊशे रुपयांचा मेळ बसेना. कुजबुज सुरू झाली. आम्ही तीन रात्री बसून बँकेच्या उताऱ्याशी एकेक नाव जुळवले. एका पालकाचे पाचशे रुपये व्यवहार फसल्याने त्याच्याच खात्यात परत गेले होते. त्याने मात्र मोबाईलवरचा फोटो दाखवून नाव लिहून घेतले होते. उरलेले चारशे एका सभासदाने रोख घेऊन फळ्याच्या रंगाला खर्च केले होते, पण नोंद कुठेच नव्हती. ताईंनी एक पैसाही घेतला नव्हता. तरी पुढच्या सभेला त्या आल्या नाहीत. हा दोष त्यांचा नव्हे, आम्हा सर्वांचा होता.

म्हणून अनुभवाचे चार शब्द सांगतो.

पहिले, खाते संघाच्याच नावाने असावे. सभेत ठराव करावा. ठराव, नियमावली, पॅन आणि पदाधिकाऱ्यांची ओळखपत्रे घेऊन बँकेत जावे. पैसे काढायला दोघांच्या सह्या ठेवाव्यात. क्यूआर कोड त्याच खात्याचा घ्यावा. पैसे पाठवण्यापूर्वी पडद्यावर संघाचेच नाव दिसते ना, हे प्रत्येकाने पाहावे. कोडवर दुसरा कोड चिकटवून फसवणारेही आहेत.

दुसरे, मोबाईलवरचा फोटो म्हणजे पावती नव्हे. रक्कम खात्यात जमा झालेली दिसली, तरच पावती फाडावी आणि तिच्यावर व्यवहाराचा क्रमांक लिहावा. कार्डाने पैसे घेणारी सेवा वापरल्यास ती आपले शुल्क कापून घेते. अशा वेळी पालकाच्या नावे पूर्ण रक्कम जमा दाखवावी आणि शुल्क खर्चात लिहावे. महिन्याच्या शेवटी जमाखर्च सूचनाफलकावर लावावा.

तिसरे, पैसे घेण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही. “देणगी पाठवतो, पिन टाका,” असे कोणी म्हणाले तर फोन ठेवावा. फसवणूक झालीच तर विलंब न करता १९३० या क्रमांकावर तक्रार करावी आणि बँकेलाही कळवावे.

चौथे आणि सर्वांत महत्त्वाचे, देणगी ही ऐच्छिक असते. प्रवेशाच्या वेळी ठरलेल्या फीशिवाय देणगी मागण्यास २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने मनाई केली आहे. ज्याच्याकडे मोबाईल नाही, त्याची रोख रक्कम तितक्याच मानाने घ्यावी आणि लगेच पावती द्यावी. कोणी दिले नाही, याची यादी मोबाईलच्या गटावर टाकू नये. वडिलांना काम मिळाले नाही म्हणून मुलाने वर्गात मान खाली घालावी काय? मग असा पंखा कोणाला गारवा देणार?

संघाचे खाते उघडल्यावर आम्ही त्या ताईंच्या घरी गेलो, चूक कबूल केली आणि पुन्हा खजिनदार होण्याची विनंती केली. त्यांनी चहा दिला आणि म्हणाल्या, “आधी पासबुक दाखवा. नाव कोणाचे आहे?”

बंधू-भगिनींनो, आपल्या पालक संघात हाच प्रश्न येत्या सभेत विचारा. हिशेब मागणे म्हणजे संशय घेणे नव्हे. चोख हिशेबामुळेच प्रामाणिक माणसाची अब्रू राखली जाते.