चंद्रपुरात घरचे समुद्रजल

१९५१ साली मरीन ड्राइव्हवर उभ्या राहिलेल्या मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयास समुद्र दारातच लाभला होता. परंतु चंद्रपूर वा गडचिरोलीच्या ज्या गृहस्थास ५०० लिटरांचे खाऱ्या पाण्याचे मत्स्यालय घरी मांडावयाचे आहे, त्यास समुद्र स्वतःच सिद्ध करावा लागतो. आर.ओ. यंत्राच्या शुद्ध पाण्यात, दर लिटरास सुमारे ३५ ग्रॅम या प्रमाणात, मत्स्यालयाकरिताच बनविलेले सागरी मीठ विरघळवावे. स्वयंपाकाच्या मिठात कॅल्शियम, मॅग्नेशियम ही द्रव्ये पुरेशी नसल्याने ते निरुपयोगी होय. भरलेल्या मत्स्यालयाचा भार ६०० किलोंपुढे जातो, म्हणून तळमजलाच पाहावा.

यानंतर धीर हवा. माशांच्या उत्सर्गातील विषारी अमोनियाचे प्रथम नायट्राइटमध्ये व पुढे पुष्कळ सौम्य अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जीवाणू मत्स्यालयातील खडकांवर वसण्यास साधारणतः ४ ते ६ आठवडे लागतात, आणि तत्पूर्वी मासे सोडणे हा त्या मुक्या जिवांवर उघड अन्याय आहे, असे माझे मत आहे.

वैशाखात जेथे पारा ४५ अंशांवर चढतो, तेथे पाणी २५-२६ अंशांवर राखण्यास शीतकयंत्र अपरिहार्य. वीज गेल्यास हवेचा पंप बॅटरीवर चालेल अशी तजवीजही आधीच असावी. बाष्पीभवनाने घटलेली पातळी मात्र गोड्या पाण्यानेच भरावी, कारण मीठ मागेच उरते.

प्रथम पैदास केंद्रातले क्लाउनफिश, तेही मोजकेच, सोडावेत. आपल्या समुद्रातील प्रवाळास व समुद्रघोड्यांस १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे कवच असल्याने ताडोबा अभयारण्याच्या शेजाऱ्याने त्यांचा मोह धरू नये.