मे महिन्यातलं मेडिकल

सकाळी साडेआठ

अकोल्यात मे महिन्यात सकाळी साडेआठलाच ऊन अंगाला चटके देतं. शटर वर केलं की मी आधी भिंतीवरचा तापमापक बघते. रात्रभर बंद असलेल्या दुकानात ३३-३४ अंश सहज असतात. त्वचेच्या बहुतेक मलमांच्या खोक्यावर '३० अंशांखाली ठेवा' असं छापलेलं असतं, काहींवर २५. गिऱ्हाईक यायच्या आधीच मर्यादा ओलांडलेली असते, म्हणून संगणकाच्या आधी एसी सुरू होतो. शेजारची दुकानं कूलरवर चालतात आणि त्यांना ते परवडतंही. पण कूलरची हवा ओली असते. तिनं खोके मऊ पडतात, लेबलं सुटतात, पावडरींत गुठळ्या होतात. विजेचं बिल जड जातं, तरी औषधाच्या दुकानात कूलर नको यावर मी ठाम आहे.

आमची पश्चिमेची भिंत दुपारनंतर तापते आणि रात्री उशिरापर्यंत तापलेलीच राहते. तिच्याकडच्या फळ्यांवर कापूस, बँडेज, डायपर असा माल. मलमं, जेल, लोशन समोरच्या भिंतीला आणि तेही कमरेच्या खाली, कारण गरम हवा वर साठते. पत्र्याखालच्या सगळ्यात वरच्या फळीला दुपारी हात लावला तर फरक लगेच कळतो.

मग फ्रिजची नोंद. आत २ ते ८ अंश हवेत. इन्सुलिन, धनुर्वाताची इंजेक्शनं, डोळ्यांचे काही थेंब आणि मुरमांवरचं एक जेल एवढ्यांचाच त्यावर हक्क. दारातले कप्पे मी रिकामे ठेवते, कारण दार उघडताना पहिला झोत त्यांनाच लागतो.

दहा वाजता

स्टॉकिस्टचा मुलगा माल घेऊन येतो. दुचाकीवर मागे बांधलेले खोके, वर उघडं ऊन. मी बिल बघण्याआधी खोक्याला हात लावते. थंड साखळीतला माल असेल तर बर्फाची पिशवी अजून गार आहे का ते पाहते. पिशवी कोमट असेल तर माल परत. मुलगा कुरकुरतो, आणि त्याचं चुकत नाही. भर उन्हात त्याला पुन्हा तोच रस्ता कापायचा असतो. त्याला पाणी देते, दोन मिनिटं एसीत बसवते, पण माल ठेवून घेत नाही. कारखान्यात एखादं औषध किती टिकेल हे पारखताना ते ४० अंश तापमान आणि ७५ टक्के आर्द्रतेच्या कपाटात सहा महिने ठेवतात. ती कस लावायची जागा असते, माल साठवायची नव्हे.

साडेअकरा ते दोन

समोरच्या त्वचारोगतज्ज्ञांची ओपीडी सुटायला लागते आणि काउंटरवर गर्दी होते. माझ्या दिवसातला सगळ्यात मोलाचा वेळ हा, आणि सगळ्यात अपुराही.

मुरमांसाठी क्लिंडामायसिन आणि बेन्झॉइल पेरॉक्साइड एकत्र असलेलं जेल लिहून दिलेलं असतं. अशा काही जेलांचा नियम असा की दुकानात २ ते ८ अंशांत ठेवायचं, आणि रुग्णाच्या हाती गेल्यावर २५ अंशांच्या आत ठेवून दोन महिन्यांत संपवायचं. आता मे महिन्यात अकोल्याच्या कोणत्या घरात २५ अंश असतात? कॉलेजातला पोरगा ट्यूब खिशात टाकतो, मग ती गाडीच्या डिक्कीत जाते, आणि तो दिवसभर क्लासला. बाहेर ४४ अंश असताना बंद डिक्कीत काय होत असेल, ते त्याला समजावून सांगते.

"फ्रिज आहे ना घरी? मग मधल्या कप्प्यात, डब्यात घालून ठेव. वर बर्फाच्या खणात नाही. आणि इथून थेट घरी जा."

"क्लास आहे न ताई मले."

"मग क्लास सुटल्यावर घेऊन जा. इथं फ्रिजमध्ये तुझ्या नावानं ठेवते."

हे मी आनंदानं करते. आमच्या फ्रिजमध्ये अशा नावं लिहिलेल्या दोन-चार पिशव्या रोज असतात.

इंडियन फार्माकोपिया या औषधांच्या सरकारी प्रमाणग्रंथात तापमानाच्या पायऱ्या आखून दिल्या आहेत. थंड जागा म्हणजे ८ ते २५ अंश. ३० ते ४० म्हणजे उष्ण. ४० च्या वर अतिउष्णता. त्या हिशोबानं आमच्याकडे एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या पहिल्या पावसापर्यंत दुपारची सावलीसुद्धा अतिउष्णतेत मोडते. रासायनिक क्रियांचा एक ढोबळ नियम आहे: तापमान १० अंशांनी वाढलं की वेग साधारण दुप्पट होतो. २५ अंशांवर जे बिघडायला वर्ष लागेल, ते ४५ वर तीन महिन्यांत बिघडू शकतं. खोक्यावरची एक्सपायरीची तारीख ही सांगितलेल्या तापमानात ठेवलं तरच खरी, हे रुग्णाला कोणी सांगतच नाही. आणि ठेवण्याची सूचना पुष्कळदा खोक्यावरच ठळक असते. ट्यूबवर ती मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत असते आणि खोका तर घरी पोचताच कचऱ्यात जातो. कंपन्यांनी ती ट्यूबवर मोठ्या अक्षरांत, मराठीत, अंशांच्या आकड्यासह छापावी. ते होईपर्यंत मी मार्करनं लिहून देते: 'फ्रिजमध्ये. बर्फात नाही.'

पण सगळंच फ्रिजमध्ये कोंबायचं नसतं, हेही तितकंच सांगावं लागतं. पेट्रोलियम जेलीसारखं मलम उन्हाळ्यात पातळ झालं म्हणून बिघडत नाही, गारव्यात पुन्हा घट्ट होतं. खोबरेल तर २५ अंशांच्या आसपासच वितळतं, त्यात काळजीचं काही नाही. क्रीमचं मात्र वेगळं. त्यात तेल आणि पाणी एकमेकांत धरून ठेवलेलं असतं. फार गरम झालं किंवा गोठलं की ती पकड सुटते.

एक मावशी बाजूच्या खेड्यातून आल्या होत्या. ट्यूब पुढे करून म्हणाल्या, "हे मलम पानीच सोडून रायलं." दाबल्यावर आधी पाणी, मग दाणेदार गोळा. फाटलेल्या दुधासारखं. असं क्रीम फ्रिजमध्ये ठेवून पुन्हा एकजीव होत नाही, आणि त्यातलं औषध सगळीकडे सारखं उरलंय याची खात्री राहत नाही. पाण्याच्या भागात कमी, गोळ्यात जास्त, असंही होऊ शकतं. पंधरा दिवस त्या ते नियमानं लावत होत्या. खाज थांबली नाही म्हणून डॉक्टर बदलायला निघाल्या होत्या. अशा वेळी माझा जीव तुटतो. रोजंदारीच्या पैशातून घेतलेलं औषध, डॉक्टरांचं निदानही बरोबर, आणि सगळं वाया गेलं ते ट्यूब पत्र्याच्या छपराखाली खिडकीत ठेवल्यामुळे.

"फ्रिज नाई आमच्या घरी," त्या म्हणाल्या.

त्यांना माठाची जागा सांगितली. आपल्याकडच्या कोरड्या हवेत माठ पाझरतो, पाणी उडतं, आणि माठाखालची ओली रेती आजूबाजूच्या हवेपेक्षा बरीच गार राहते. ट्यूब घट्ट झाकणाच्या डब्यात घालायची, डबा त्या रेतीत खोचायचा. डब्यात पाणी शिरता कामा नये, एवढंच.

दुपारी अडीच

लाइट जाते. फ्रिजला इन्व्हर्टर आहे, एसीला नाही. शटर अर्धं खाली ओढायचं आणि फ्रिजचं दार उघडायचं नाही. याच वेळी कोणी इन्सुलिन मागितलं तर सगळं हाताशी काढायची तयारी करून एकदाच उघडायचं.

चार वाजता

गर्दी नसते, म्हणून वाचायला वेळ मिळतो. बेन्झॉइल पेरॉक्साइडचं प्रकरण मी असंच वाचत गेले. मार्च २०२४ मध्ये व्हॅलिशुअर या अमेरिकी प्रयोगशाळेनं दाखवलं की हे द्रव्य असलेली उत्पादनं ५० अंशांसारख्या उष्णतेत ठेवली तर त्यांत बेंझिन तयार होऊ शकतं, आणि बेंझिन कर्करोगकारक आहे. पुढच्या वर्षी तिथल्या औषध प्रशासनानं ९५ उत्पादनं तपासली. बहुतेकांत ते सापडलं नाही किंवा अगदी नगण्य होतं, मोजकी परत मागवली गेली. त्यामुळे घाबरून औषध सोडायचं कारण नाही. मुरमांवर ते उत्तम काम करतं. मात्र ते गाडीत ठेवायचं नाही, हे मी आता आधीपेक्षा जास्त आग्रहानं सांगते.

साडेपाच

नोकरी करणाऱ्या मुली घरी जाताना थांबतात. आज एकीनं व्हिटॅमिन सीची बाटली आणली. ऑनलाइन मागवलेली, दाट नारिंगी झालेली. "मॅडम, रंग असाच असतो का?"

नसतो. एस्कॉर्बिक आम्लाचं हे सीरम नवं असताना पाण्यासारखं किंवा फिकट पिवळं असतं. हवा, उजेड आणि उष्णता लागली की त्याचं ऑक्सिडीकरण होतं, रंग पिवळा, नारिंगी, मग तपकिरी होत जातो आणि गुण कमी होत जातो. म्हणून ते गडद काचेत भरतात. तिच्या टेबलावर दुपारचं ऊन येतं, असं बोलता बोलता निघालं. पार्सलही कुठल्या गोदामात, कुठल्या टेम्पोत किती तापलं असेल देव जाणे. हायड्रोक्विनोनचं क्रीमही असंच काळवंडतं. ट्रेटिनॉइनला तर उजेडाचंच वैर.

तिनं विचारलं, सौंदर्यप्रसाधनांचा तो छोटा गुलाबी फ्रिज घेऊ का? मी नको म्हटलं. घरचा फ्रिज पुरतो, आणि ज्या चार गोष्टींना गारवा लागतच नाही त्यांना आतल्या खोलीतलं अंधारं कपाट बरं. ड्रेसिंग टेबल खिडकीजवळ नको, न्हाणीघरातलं कपाट नको. न्हाणीघरात वाफ असते, ओल्या बोटांनी डबीत पाणी जातं आणि त्यात बुरशीचं फावतं.

साडेसात

शेतावरून परतलेल्या बायका याच वेळी येतात. गालांवर वांग, डॉक्टरांनी सनस्क्रीन लिहून दिलेलं. शेतात दुपारी पुन्हा लावायचं म्हणजे ट्यूब सोबत न्यायलाच हवी, आणि तिथं ठेवायची कुठं हा खरा प्रश्न. सनस्क्रीन तापलं की तेही फाटतं, त्वचेवर सारखं पसरत नाही आणि मग संरक्षणही सारखं मिळत नाही. प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ओल्या फडक्यात गुंडाळा, पाण्याच्या कॅनला टेकवून झाडाखाली ठेवा, असं सांगते. एकीनं तिथल्या तिथे पदराचं टोक दाखवून विचारलं, एवढं फडकं पुरेल का? पुरेल.

रात्री साडेनऊ

उद्याची ऑर्डर. उन्हाळ्यात मी मोठ्या ट्यूब मागवत नाही. ३० ग्रॅमऐवजी १५ ग्रॅम, सनस्क्रीनही लहानच. ग्रॅममागे भाव थोडा जास्त पडतो आणि गिऱ्हाईक विचारतंही. पण लहान ट्यूब तापायच्या आत संपते, मोठी अर्धी फेकावी लागते. स्टॉकिस्टला लिहिते, फ्रिजचा माल पहिल्या फेरीत, नऊच्या आत पाठवा. नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, २५ मेला लागतो, तेव्हा त्या आठवड्याचं जेल आणि इन्सुलिन आधीच मागवून ठेवायचं आहे. त्याचा आकडा टाकते आणि पाठवून देते.