मुद्रा लढण्याआधीची

दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंतवायची, भराभर आकार बदलायचे आणि धुराच्या लोटात नाहीसं व्हायचं. निंजा म्हटला की हेच चित्र डोळ्यांसमोर येतं. ‘नारुतो’ ही अ‍ॅनिमे मालिका पाहणाऱ्या मुलांना तर हे आकार बोटांवर पाठ असतात. जपानी युद्धकलांमध्ये अशा हस्तमुद्रा खरोखरच आहेत. नऊ अक्षरांच्या मंत्राला जोडलेल्या या मुद्रांना ‘कुजी-इन’ म्हणतात. पण त्यांच्याविषयी जे सर्रास मानलं जातं, त्यातलं बरंचसं चूक आहे.

त्या निंजांनी शोधल्या, हा त्यातला पहिला गैरसमज. नऊ अक्षरांचा हा मंत्र चौथ्या शतकातल्या गे होंग या चिनी ताओवादी पंडिताच्या ‘बाओपूझी’ ग्रंथात सापडतो. तिथे तो डोंगरात शिरणाऱ्या साधकाच्या रक्षणासाठी आहे, मनातल्या मनात म्हणायचा आहे आणि त्यासोबत बोटांच्या मुद्रा नाहीत. मुद्रांची परंपरा वेगळ्या वाटेने आली. भारतातला तांत्रिक बौद्ध विचार चीनमध्ये गेला; तिथून 806 साली परतलेल्या कूकाई या भिक्षूने जपानमध्ये शिंगोन पंथ रुजवला. शरीराने मुद्रा, वाणीने मंत्र आणि मनाने ध्यान ही तिन्ही एकत्र साधायची, हे त्या पंथाचं मर्म. जपानमध्ये हे दोन प्रवाह मिसळले. डोंगरात तप करणारे यामाबुशी साधक ही साधना करत आणि सामुराईंच्या शस्त्रपरंपरांनीही ती स्वीकारली. चिबा प्रांतातली कातोरी शिंतो-र्यू ही पंधराव्या शतकापासूनची तलवारीची परंपरा. तिच्या शिकवणीतही कुजी आहे आणि ती निंजांची शाळा नव्हे.

ऐन लढाईत बोटं गुंफून वार परतवला जातो, हा समज तर साध्या विचारानेही टिकत नाही. ज्याच्या हातात तलवार आहे त्याला दोन्ही हात मोकळे कुठून मिळणार? कुजीची वेळ लढण्याआधीची, मन स्थिर करण्याची. तर्जनी आणि मधलं बोट सरळ ठेवून हवेत पाच आडव्या, चार उभ्या रेघा ओढण्याची छोटी पद्धतही याच कामाची. काही परंपरांत त्यानंतर एक दहावं अक्षर जोडतात. पाणी ओलांडायचं असेल तर ‘ड्रॅगन’, लढायला निघायचं असेल तर ‘विजय’. प्रवास, आजारपण, अनोळखी मुलूख अशा प्रसंगांसाठीही अक्षरं आहेत. मला हा भाग फार बोलका वाटतो. युद्धापुरती नसलेली, भीतीच्या प्रत्येक क्षणासाठी असलेली ही प्रार्थना आहे.

आता अदृश्य होण्याबद्दल. योद्ध्यांची आवडती देवता मारिशितेन, म्हणजे मूळची भारतीय बौद्ध परंपरेतली मरीची. ती प्रकाशकिरणांची देवता, म्हणून तिला कोणी पाहू शकत नाही, पकडू शकत नाही. तिच्या नावाने लपण्याची मुद्रा आणि मंत्र आहेत. 1676 मधल्या ‘बानसेनशूकाई’ या निंजाविद्येच्या ग्रंथात लपण्याची रीत वाचली की गूढ उकलतं. पहारेकरी जवळ आला की भिंतीला किंवा झाडाला चिकटून उभं राहा, चेहरा बाहीने झाका आणि मंत्र म्हणत निश्चल राहा. अंधारात उघडा चेहरा उठून दिसतो. घाबरलेला माणूस हलतो आणि पकडला जातो. लपवण्याचं काम भिंत, बाही आणि अंधार करतात. मन ताब्यात ठेवायला मंत्र लागतो. याला चमत्कार म्हणणं चूक आहेच, पण थोतांड म्हणून उडवून लावणंही तितकंच चूक. मृत्यू चार पावलांवर असताना स्थिर उभं राहणं हे लहान काम नाही.

मग धूर आणि जादू आली कुठून? रंगमंचावरून. 1777 साली प्रथम रंगलेल्या ‘मेइबोकु सेंदाई हागी’ या काबुकी नाटकातला खलनायक निक्की दांजो उंदराचं रूप घेतो. माणसाच्या रूपात परत येताना त्याच्या तोंडात गुंडाळी आणि बोटं मुद्रेत असतात. पुढे 1921 च्या मूकपटात जिराइया हा जादूगार नायक कॅमेऱ्याच्या करामतींनी रूपं बदलू लागला. ‘नारुतो’मधले बारा आकार बारा राशिप्राण्यांच्या नावांचे आहेत आणि चित्रकथाकार किशिमोतो मासाशी यांनी त्यांच्या कथाविश्वासाठी बेतलेले. परंपरेतल्या मुद्रा नऊ. त्यांचे तपशीलही पंथागणिक थोडे बदलतात, त्यामुळे ‘हीच एकमेव अस्सल पद्धत’ हा दावा संशयानेच ऐकावा.

‘एका आठवड्यात कुजी शिका, सुप्त शक्ती जागवा’ असं कुणी म्हणालं तर पैसे खिशातच ठेवावेत. कातोरीत शिकायचं तर आधी स्वतःच्या रक्ताचा ठसा उमटवून शपथ घ्यावी लागते आणि मग वर्षानुवर्षं लाकडी तलवार फिरवावी लागते. अशा गूढ शिकवणीचा क्रम त्याच्याही नंतरचा.