शोभेचे सायकस : ओळख आणि सावधानता

जयंतीची कमान असो, लग्नाचा मंडप असो की सत्काराचा पुष्पगुच्छ असो, त्यात मोरपिसासारखे लांब, कडक, गर्द हिरवे पान हमखास दिसते. फुले सुकतात, पण हे पान बरेच दिवस तसेच राहते. बंगल्याच्या दारात आणि ऑफिसच्या आवारात या झाडाची कुंडी म्हणजे प्रतिष्ठेची खूण झाली आहे. त्याचे नाव सायकस. आता आपल्या वस्त्यांत आणि विहारांच्या आवारातही ते लावण्याची हौस दिसते. हौसेला आमचा विरोध नाही. पण जे झाड लेकराबाळांच्या हाताशी येणार, त्याची माहिती आईबापांना असलीच पाहिजे. म्हणून हा लेखनप्रपंच.

माड नव्हे, ताडही नव्हे

दिसायला हे झाड माडासारखे असले तरी माडाशी त्याचे काही नाते नाही. याला फूल येत नाही आणि खरे फळही धरत नाही. बी उघडीच वाढते. सायकसचे कूळ सुमारे 28 कोटी वर्षांपूर्वीचे मानतात. डायनासोर पृथ्वीवर वावरत होते, तेव्हाही या कुळातली झाडे होती.

कुंडीत दिसते ती जात बहुतेक वेळा जपानकडची असते. आपल्या सह्याद्रीची स्वतःची जात वेगळी. शास्त्रीय नाव सायकस सर्सिनॅलिस, मराठी नाव मलाबारी सुपारी. केरळ, कर्नाटक, तामिळनाडू आणि दक्षिण महाराष्ट्रातील घाटांच्या जंगलात ती वाढते. औंधचा माळ तिचा नव्हे. खटाव-माण-आटपाडी हा पर्जन्यछायेचा दुष्काळी पट्टा, आणि हिला हवा घाटातला पाऊस. आपल्याकडे ती टिकते ती बागेत, पाण्याचा निचरा होणाऱ्या मातीत. मुळाशी पाणी साचले तर कुजते.

वाढ फार सावकाश. साधारणपणे वर्षाकाठी शेंड्याला पानांचा एक नवा झुबका येतो. कोवळ्या पानाच्या पात्या घड्याळाच्या स्प्रिंगसारख्या गुंडाळलेल्या असतात. काही मुळे वर येऊन पोवळ्यासारखी फुटतात. त्यांत राहणारे निळे-हिरवे शेवाळ हवेतला नत्र झाडाला पुरवते. हरभऱ्याच्या मुळांवरच्या गाठी जे काम करतात, तेच हे.

नराचे झाड वेगळे आणि मादीचे वेगळे. नराच्या शेंड्यावर मोठ्या कणसासारखा शंकू येतो. मादीला लवदार पानांच्या कडेला पिवळट-नारिंगी बिया धरतात. मुलांना मोह पडावा असाच त्यांचा रंग, आणि खरा धोका इथेच आहे.

बी विषारी आहे

झाडाचे सगळेच भाग विषारी, पण बी सर्वांत जास्त. त्यात सायकॅसिन नावाचे विष असते. पोटात गेले तर उलट्या होतात आणि यकृताला इजा होते. कुत्री बी चघळून मरतात. पाला खाल्लेल्या गुराढोरांचे मागचे पाय लुळे पडल्याची उदाहरणे ऑस्ट्रेलियात आहेत. दारात शेळी किंवा म्हैस बांधणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

1770 साली कॅप्टन कुकचे जहाज ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याला लागले होते. तेथील आदिवासी या कुळातली बी खातात, असे खलाशांना दिसले. त्यांनीही ती खाल्ली आणि आजारी पडले. जहाजावरची डुकरे तर मेली. आदिवासी बी खाण्यापूर्वी तिचे विष काढत होते, हे त्या शिकल्यासवरल्या पाहुण्यांना माहीत नव्हते.

तीच विद्या आपल्या घाटांतल्या आदिवासींपाशी आणि केरळच्या मलबार भागातल्या बायकांपाशी आहे. केरळात या झाडाला ईंत म्हणतात. बी फोडायची, गर कापायचा, पाणी पुन्हा पुन्हा बदलत भिजवायचा, वाळवायचा आणि मग दळायचा. त्या पिठाचे पदार्थ आजही होतात. टंचाईच्या काळात या पिठाने अनेक घरे जगवली. 1972 च्या दुष्काळात आपल्याकडे मिलो आणि सुकडीवर दिवस काढलेल्यांना त्या पिठाची किंमत वेगळी सांगायला नको. पुस्तकात नाव नसलेल्या या बायकांचे हे ज्ञान शास्त्रच होय. पण ते पिढ्यान्‌पिढ्या हाताने शिकलेले आहे. वाचून घरी प्रयोग करू नये. पॅसिफिकमधील ग्वाम बेटावर अशा पिठाच्या वापराशी मेंदूच्या एका दुर्धर आजाराचा संबंध असावा, अशी शंका संशोधकांनी घेतलेली आहे.

औषधाचा बाजार

याच झाडाचा नर-शंकू शक्तीवर्धक म्हणून विकला जातो. कष्टकरी माणूस थकव्याने गांजलेला असतो. अशा पुडीला तोच बळी पडतो. भगवान बुद्धांनी कालामांना ऐकीव गोष्ट तपासून घ्यायला सांगितले. संविधानाच्या कलम 51-क मध्येही वैज्ञानिक दृष्टी जोपासणे हे नागरिकाचे कर्तव्य म्हटले आहे. औषधाच्या पुडीलाही तोच नियम लावावा.

या बाजाराने झाडाचेही नुकसान होते. नराचा शंकू कापला की पराग संपला, मग मादीची बी वांझ. सजावटीसाठी पाने ओरबाडली जातात, जंगलही तुटते. त्यामुळे सह्याद्रीची ही जात आज जागतिक यादीत संकटग्रस्त आहे. दक्षिण आफ्रिकेत 1895 साली याच गणातल्या एका जातीचे नराचे एकच झाड सापडले. त्याच्या फुटव्यांपासून जगभरच्या बागांत झाडे वाढवली, पण सगळी नरच. मादी आजवर मिळालेली नाही. ती जात आता बियांनी वाढू शकत नाही.

आपण काय करावे?

विहाराच्या किंवा बालवाडीच्या आवारात सायकस लावू नये. तेथे बोधिवृक्ष म्हणजे पिंपळ किंवा कडुनिंब शोभतो आणि सावलीही देतो. घरी कुंडी असेलच तर मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवावी आणि बी धरताच काढून पुरून टाकावी. कुणी बी खाल्लीच, तर भगताकडे किंवा अंगाऱ्याकडे वेळ न घालवता थेट सरकारी दवाखाना गाठावा. उरलेली बी सोबत न्यावी, म्हणजे डॉक्टरांना ओळख पटेल. जयंतीच्या कमानीला आंब्याची आणि अशोकाची पाने पुरेशी आहेत. बाबासाहेबांच्या प्रतिमेला शोभा येते ती आपल्या वागण्याने. त्यासाठी जंगलातले झाड ओरबाडायची गरज नाही.

माता-भगिनींनी ही माहिती शेजारणीलाही सांगावी, एवढीच विनंती. जयभीम!