आमरी केव्हां फुलते ?

कोल्हापुराहून पश्चिमेस गगनबावड्याकडे अथवा नैर्ऋत्येस राधानगरीकडे जाणाऱ्या रस्त्यानें सह्याद्रीच्या रानांत शिरलें म्हणजे झाडांच्या खोडांवर व फांद्यांवर जाड पानांच्या, लोंबत्या मुळांच्या कांहीं वनस्पति दृष्टीस पडतात. इंग्रजींत त्यांस ऑर्किड म्हणतात; मराठींत आमरी हें नांव रूढ आहे. पुष्कळ लोक त्यांना बांडगूळ समजतात, परंतु हा समज खरा नाहीं. बांडगूळ आश्रय देणाऱ्या झाडाचाच रस शोषून घेतें. आमरी झाडापाशीं केवळ बसावयास जागा मागते, आणि पाणी मात्र पावसाचें व धुक्याचें पिते.

या कुळांतील प्रत्येक जातीची फुलण्याची वेळ ठरलेली असते. डेंड्रोबियम बार्बाट्युलम ही जाति माघ-फाल्गुनांत, आपलीं पानें गाळून बसलेल्या उघड्या कांड्यांवर पांढऱ्या फुलांचे घोस काढते. ‘सीतेची वेणी’ या गोड नांवाची आमरी वळिवाच्या सुमारास आपली लांब, गुलाबी ठिपक्यांची माळ खालीं सोडते. आणि मृगाचा पाऊस सुरू झाला कीं घाटमाथ्याच्या गवताळ सड्यांवर हॅबेनेरिया ग्रँडिफ्लोरिफॉर्मिस जमिनीला चिकटलेल्या एखाद-दुसऱ्या पानांतून पांढरें फूल वर काढते. फादर सांतापाव व कापडिया यांनीं १९६६ सालीं मुंबई इलाख्यांतील आमरींवर ग्रंथ लिहिला. पुढें २००२ सालीं यादव व सरदेसाई यांचा कोल्हापूर जिल्ह्याच्या वनस्पतींवरील ग्रंथ शिवाजी विद्यापीठानें प्रसिद्ध केला. अशा ग्रंथांत जातीजातीच्या बहराचे महिने नोंदलेले असतात, ते याच नियमितपणामुळें.

असें असतां, रानांतून हौसेनें आणून शहरांतील सज्जांत टांगलेली आमरी पुष्कळदां जगते, पण फुलत नाहीं. पाणी घातलें, खत दिलें, तरी ती पानांपलीकडे जात नाहीं. याचें कारण समजून घ्यावयाचें तर वनस्पतीला फुलण्याची वेळ कळते कशी, हेंच पाहिलें पाहिजे.

जर्मन शास्त्रज्ञ सॅक्स यानें एकोणिसाव्या शतकांतच असें अनुमान केलें होतें कीं, फूल घडविणारा कांहीं पदार्थ पानांत तयार होत असावा. १९२० सालीं अमेरिकेंत गार्नर व अ‍ॅलर्ड यांनीं दाखवून दिलें कीं, कित्येक वनस्पति दिवसाच्या लांबीवरून ऋतु ओळखतात. पुढें रशियांत चैलाख्यान यानें शेवंतीवर प्रयोग केले. दिवसाची लांबी पान ओळखतें आणि फूल मात्र अंकुरावर येतें, असें त्यास आढळलें. तेव्हां पानाकडून अंकुराकडे कोणी तरी निरोप्या जात असला पाहिजे. त्या अदृश्य निरोप्यास त्यानें ‘फ्लोरिजेन’ असें नांव दिलें. सुमारें सत्तर वर्षें तो कोणाच्या हातीं लागला नाहीं. अखेर २००७ सालीं हा निरोप्या एक लहानसें प्रथिन असून तें पानांतील शिरांतून अंकुरापर्यंत जातें, हें सिद्ध झालें. हें प्रथिन ज्या जनुकाच्या आज्ञेनें घडतें त्यास ‘एफ टी’ म्हणतात. याच घराण्यांतील जनुक आमरींतही सांपडले आहेत.

जनुक म्हणजे काय, हें एका घरगुती दृष्टांतानें स्पष्ट होईल. घरांतील जुन्या वहींत सर्व पदार्थांची कृति लिहिलेली असते, म्हणून रोज सर्वच पदार्थ होत नाहींत. संक्रांतीस एक पान उघडतें, दिवाळीस दुसरें. वनस्पतीच्या प्रत्येक पेशींत जनुकांची अशी वही असते. कोणतें पान केव्हां उघडावयाचें हें ऋतु सुचवितो. आणि ती सूचना एका अवयवाकडून दुसऱ्याकडे नेणारे जे सूक्ष्म रस, तींच संप्रेरकें अथवा हॉर्मोन.

आमरींपैकीं सर्वांत अधिक अभ्यास फॅलेनॉप्सिस या जातीचा झाला आहे. फुलवाल्यांच्या दुकानांत जी रुंद पाकळ्यांची, पतंगासारखी आमरी दिसते ती हीच. हवा २८ अंशांहून अधिक उष्ण राहिली तर ती पानामागून पानें काढीत राहते. तपमान २५ अंशांच्या खालीं आलें व कांहीं आठवडे तसेंच राहिलें कीं पानाच्या बगलेंत निजलेला अंकुर जागा होऊन फुलांचा दांडा वर येतो. या कामीं निरनिराळीं संप्रेरकें भाग घेतात. १९२६ सालीं कुरोसावा या जपानी संशोधकानें भाताच्या एका रोगाच्या अभ्यासांत ज्याचा प्रभाव ओळखला तें जिबरेलिन दांड्याच्या वाढीस व फुलांच्या घडणीस लागतें. उष्ण हवेंत तें कमी पडतें आणि फूल अडतें. सायटोकायनिन निजलेल्या अंकुरास जागें करतें, तर ऑक्सिन त्यास दाबून धरतें.

मग बाहेरून संप्रेरक फवारलें तर हवें तेव्हां फूल येईल काय ? २००८ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगांत हेंच पाहिलें गेलें. सायटोकायनिन फवारून थंड जागीं ठेवलेल्या फॅलेनॉप्सिसला दांडे लवकर आले व अधिक आले. परंतु तसेंच फवारून २९ अंशांवर ठेवलेल्या झाडांस एकही दांडा आला नाहीं. औषध ऋतूस मदत करूं शकतें. त्याची जागा घेऊं शकत नाहीं.

आग्नेय आशियांतील डेंड्रोबियम क्रुमेनाटम हें याचें आणखी नवलाचें उदाहरण. तिच्या कळ्या अर्धवट वाढून थबकतात. वादळी पाऊस येऊन हवा एकाएकीं कांहीं अंशांनीं गार झाली कीं त्या पुन्हां वाढूं लागतात, आणि सुमारें नवव्या दिवशीं त्या टापूंतील सर्व झाडें एकदम फुलतात. फूल एकच दिवस टिकतें. म्हणून सर्वांनीं एकदम फुलण्यांतच परागीभवनाची आशा असते.

फुलाचा आकार ठरविणें हें मात्र जनुकांचें काम. आमरीच्या फुलांत एक पाकळी इतरांहून अगदीं वेगळी, ओठासारखी असते. कीटक उतरतो तो तिच्यावर. एकाच घराण्यांतील जनुकांच्या निरनिराळ्या जोड्या जुळून कोठें साधी पाकळी तर कोठें हा ओठ घडतो. २०१५ सालीं फॅलेनॉप्सिस इक्वेस्ट्रिसची सबंध जनुक-वही वाचण्यांत आली, तेव्हां तींत २९,००० हून अधिक जनुक मोजले गेले.

फूल कोमेजणें हेंही संप्रेरकांच्याच हातीं असतें. १९०९ च्या सुमारास हान्स फिटिंग यानें जावा बेटावरील आमरींत दाखविलें कीं, परागांचा नुसता अर्क लावला तरी फूल मिटूं लागतें. वनस्पतींच्या बाबतींत ‘हॉर्मोन’ हा शब्द प्रथम आला तो या प्रयोगांतून. परागांतील ऑक्सिन व त्यामागून फुलांत निर्माण होणारा एथिलीन वायु यांचा हा प्रभाव, हें पुढें कळलें. आंब्याच्या अढींत फळें पिकविणारा वायु तोच. म्हणून अढीजवळ ठेवलेलीं आमरीचीं फुलें अकालीं मान टाकतात. परंतु हें कोमेजणें निष्फळ नसतें. आमरीच्या फुलांत बीजांडें आधीं तयार नसतात. पराग पडल्यावर याच संप्रेरकांच्या सूचनेनें तीं घडूं लागतात, आणि फळ पक्व होण्यास कित्येक महिने लागतात.

आतां सज्जांतील आमरीचें कोडें सुटतें. गगनबावड्यास वर्षाकांठीं ५,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. अवघ्या ५५ किलोमीटरांवरील कोल्हापूर शहरांत सुमारें १,०००. तेथील धुकें, ओलावा, कोरडा विसांवा यांच्या क्रमानें जिचें पान ऋतु वाचीत आलें, तिला शहरांत ती लिपीच दिसत नाहीं. शिवाय खोडास घट्ट चिकटलेलीं मुळें ओरबाडतांना तुटतात आणि तिचा साठा नवीं मुळें काढण्यांतच खर्च होतो. हानि एका झाडापुरती थांबत नाहीं. जी आमरी फुलत नाहीं ती बीज धरीत नाहीं. आणि जें बीज रानांत पडतें त्यासही, फ्रेंच संशोधक नोएल बर्नार यानें १८९९ मध्यें दाखविल्याप्रमाणें, विशिष्ट बुरशीची सोबत मिळाली तरच अंकुर फुटतो. अशा कष्टानें उभें राहिलेलें झाड उपटणें म्हणजे रानाचे अनेक पुढचे बहर उपटणें होय.

ज्यांस घरीं आमरी हवी त्यांनीं रोपवाटिकेंत वाढविलेलें झाड घ्यावें. फॅलेनॉप्सिस असेल तर मार्गशीर्ष-पौषांतील रात्रींचा माफक गारवा तिला मिळूं द्यावा. पानें गाळणाऱ्या डेंड्रोबियमचें पाणी हिवाळ्यांत बेताचें ठेवावें. आणि कोणतीही आमरी पिकत्या फळांपासून दूर ठेवावी. सीतेची वेणी पाहण्याची इच्छा झाली तर ज्येष्ठांत राधानगरीच्या रानांत जावें, आणि ती जेथें आहे तेथेंच ठेवून परतावें.