घाम कुणाला किती?

सिंधमधल्या एका हिंदू कुटुंबाची हकिकत चार्ल्स डार्विनने १८७५ साली नोंदवून ठेवली आहे. चार पिढ्यांतल्या दहा पुरुषांना दात मोजके, अंगावर केस विरळ, टक्कल लवकर आणि उन्हाळ्यात कातडी कोरडी ठणठणीत. मुलींना काहीच त्रास नाही, पण त्यांच्या पोटच्या मुलग्यांत ते लक्षण पुन्हा उतरायचं. अशा आजाराचं मूळ एक्स गुणसूत्रावरच्या जनुकात असतं, हे आज ठाऊक आहे. या माणसांना घर्मग्रंथी नसतात किंवा अगदी थोड्या असतात. उन्हाळ्यात त्यांना सदरा भिजवून अंगात घालावा लागतो, नाहीतर अंग तापतं. आपण ज्याला नाक मुरडतो तो घाम नसला, तर असं होतं.

एक लीटर घामाची वाफ होताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता अंगातून निघून जाते. मात्र घाम नुसता सुटून भागत नाही, तो वाळावा लागतो. नागपूरच्या कोरड्या ४५ अंशांत घाम कधी आला आणि कधी वाळला हे कळतही नाही. मुंबईत ३३ अंशांतच शर्ट पाठीला चिकटतो. बाहेर पडलेला घाम कदाचित नागपूरकराचाच जास्त असेल. निथळताना दिसतो तो मुंबईकर. 'मला फार घाम येतो' या तक्रारीतला बराच भाग हवेतल्या दमटपणाचा असतो.

तरीही एकाच खोलीत, एकाच पंख्याखाली एक जण घामाघूम आणि दुसरा कोरडा, असं दिसतंच. आपल्या कातडीत २० ते ४० लाख घर्मग्रंथी असतात, पण सगळ्याच काम करत नाहीत. घामाच्या अभ्यासात हयात घालवलेले जपानी शास्त्रज्ञ यास कुनो यांना आढळलं, की उष्ण प्रदेशात जन्मून वाढलेल्यांत चालू ग्रंथी जास्त असतात. मोठेपणी तिथे जाऊन राहिलेल्यांत त्या वाढत नाहीत. त्यांच्या मते हा आकडा आयुष्याच्या पहिल्या दोन-अडीच वर्षांतच ठरून जातो.

पुढचा फरक पडतो तो ग्रंथी किती जोमाने काम करतात यावर. पुरुषांची एकेक ग्रंथी बहुधा स्त्रियांपेक्षा जास्त घाम सोडते. वजनदार माणसाला तोच जिना चढायला जास्त शक्ती लागते, म्हणून उष्णताही जास्त तयार होते. वय वाढलं की घाम कमी होतो आणि ऊन जास्त बाधतं.

गंमत म्हणजे रोज धावणाऱ्याला घाम लवकर येतो आणि भरपूर येतो. रोज उन्हात राबलं तर दहा दिवस ते दोन आठवड्यांत शरीर तयार होतं: घाम वाढतो, त्यातलं मीठ घटतं. दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खोल खाणींत नव्या मजुरांना आधी जमिनीवरच तापवलेल्या खोल्यांत राबवून असं तयार करत असत. सवय सुटली की काही आठवड्यांत ही तयारीही मोडते, म्हणून उन्हाळ्याच्या तोंडाशी आलेली लाट जास्त घातक.

तळहाताच्या घामाची तऱ्हा निराळी. तो उकाड्यापेक्षा मनाच्या ताणाने सुटतो. काहींना मात्र लहानपणापासून दोन्ही हातांना इतका घाम येतो, की पेपर लिहिताना मनगटाखाली रुमाल ठेवावा लागतो. बऱ्याचदा घरात आणखी कुणाला तरी तो असतो, आणि झोपेत थांबतो. डॉक्टर अशा हाताला आयोडीन लावून वाळवतात आणि वर स्टार्चची पूड भुरभुरवतात. घामाच्या छिद्राछिद्रावर निळे-काळे ठिपके उमटतात आणि बघता बघता सारा तळवा काळा होतो. अ‍ॅल्युमिनियम क्लोराइडचं औषध, पाण्यात हात ठेवून सोडलेला सौम्य विद्युतप्रवाह, बोटॉक्सची इंजेक्शनं असे उपाय आहेत. नस कापण्याची शस्त्रक्रियाही होते, पण मग अनेकांच्या पाठीला आणि पोटाला घाम सुटू लागतो.

घाम अचानक वाढला, रात्री अंथरूण भिजू लागलं, वजन उतरलं तर क्षय किंवा थायरॉईडची तपासणी हवी. मधुमेह्याला दरदरून घाम फुटला तर साखर उतरली असेल. छातीत दुखून घाम आला तर तडक रुग्णालय गाठावं. एरवी घाम कमी करण्याच्या मागे न लागता तो वाळेल कसा ते पाहावं: सैल सुती कपडे, वाऱ्याची जागा, आणि गेलेलं पाणी-मीठ भरून काढायला ताक किंवा कोकम सरबत.